नाबोथाचा द्राक्षमळा आणि परळची खोली

परळच्या एका चाळीतील खोली. तीत एक अविवाहित गिरणी कामगार आणि त्याचा पुतण्या वीस वर्षे एकत्र राहिले. काका वारले. त्यांची महिन्याची मिस्सा होण्यापूर्वीच मालकाच्या माणसाने दाराला नवे कुलूप लावले. पुतण्याने रेशनकार्ड व भाडेपावत्या हाती घेतल्या, दिवसाढवळ्या शेजाऱ्यांसमक्ष कुलूप तोडले आणि तो आत गेला. संध्याकाळी त्याच्यावर अतिक्रमणाचा गुन्हा नोंदला गेला. त्याची आई आमच्याकडे आली. तिचा प्रश्न एकच होता : "फादर, स्वतःच्या घरात शिरणारा चोर कसा?"

या प्रश्नाला आपल्याच धर्मग्रामातील सुशिक्षितांनी दिलेले उत्तर ऐकून आम्हांला खेद झाला. "कुलूप तोडले ना, मग भोगावे!" असे ते उत्तर. ते कायद्याला धरून नाही आणि नीतीला तर मुळीच नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम कायदा पाहू. फौजदारी अतिक्रमणाची व्याख्या 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या 441 व्या कलमात होती. 1 जुलै 2024 पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेच्या 329 व्या कलमाने घेतली. गाभा तोच राहिला. दुसऱ्याच्या ताब्यातील जागेत पाऊल टाकले एवढ्याने हा गुन्हा होत नाही. त्या पावलामागे काही अपराध करण्याचा, किंवा ताबेदाराला धाक घालण्याचा, त्याचा अपमान करण्याचा वा त्याला त्रास देण्याचा हेतू असावा लागतो. चोरीचेही तसेच. तळ्यातील मासे नेल्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने साठीच्या दशकातच सांगून ठेवले आहे, की प्रामाणिकपणे आपला हक्क समजून वस्तू नेणारा चोर ठरत नाही, मग तो हक्क पुढे टिको वा न टिको. हक्क खरा ठरलाच पाहिजे असे नाही. तो सांगणारा मात्र खरा असला पाहिजे.

आपल्या मुंबईने तर याहून पुढची गोष्ट पाहिली आहे. जुलै 1981 मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांनी पदपथांवर राहणाऱ्यांना हटवून शहराबाहेर पाठवण्याची घोषणा केली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि स्वतः पदपथवासी न्यायालयात गेले. 10 जुलै 1985 रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठाने निर्णय दिला. पदपथावर घर करण्याचा हक्क कोणाला नाही, योग्य ती सूचना देऊन त्यांना हटवता येईल, असे त्यात म्हटले आहे. परंतु ही माणसे फौजदारी अर्थाने अतिक्रमणकर्ती नव्हेत. कोणाला धमकावण्यासाठी वा छळण्यासाठी ती तेथे आलेली नाहीत, निरुपायाने आली आहेत, असेही न्यायालयाने बजावले. ज्यांच्यापाशी हक्काचा कागद नव्हता, त्यांनाही गुन्हेगार म्हणण्यास न्यायालयाने नकार दिला. मग हाती पावत्या असलेल्या पुतण्याला आपण कोणत्या तोंडाने गुन्हेगार म्हणावे?

यावर आक्षेप येतो : अशाने जागा बळकावणाऱ्यांचे फावेल, जो तो "मला हक्क वाटला" म्हणेल. म्हणू द्या. नुसत्या म्हणण्याने काही होत नाही. श्रद्धा प्रामाणिक होती की नाही, हे आचरणावरून कळते. खोटी पावती बनवणारा, रात्री गुंड घेऊन येणारा, न्यायालयाचा मनाईहुकूम खिशात ठेवून आत शिरणारा प्रामाणिक नव्हे. आणि हक्क कितीही सच्चा असला, तरी मारहाण ही मारहाणच राहते. कुलूप तोडणे शहाणपणाचे होते, असे आम्हीही म्हणत नाही. जबरीने ताबा गेलेल्याला सहा महिन्यांच्या आत दिवाणी दावा करून तो परत मागता येतो. भाडेकरूच्या मृत्यूसमयी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला 1999 चा भाडे नियंत्रण कायदा भाडेकरू मानतो. पुतण्या त्या व्याख्येत बसतो की नाही, यावर वकिलांनी खुशाल वाद घालावा. पण त्या वादाची जागा धोबीतलावचे लघुवाद न्यायालय आहे, पोलीस कोठडी नव्हे.

सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस यांच्याकडून हेच शिकलो. चुकलेली सदसद्विवेकबुद्धीही माणसाला बांधून ठेवते. जे अज्ञान टाळता येण्याजोगे नव्हते, ते दोषमुक्त करते. जे अज्ञान सोयीचे म्हणून जपले, ते स्वतःच दोष होय. न्यायाधीश आणि पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू शेवटी एकच विचारतात : बाळा, तुला खरोखर काय ठाऊक होते?

हा प्रश्न आता स्वतःलाही विचारू या. 1925 च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती माणसाच्या मुलामुलींना समान वाटा मिळतो. तरी गिरगावच्या वाडीतील वा गावाकडील वडिलोपार्जित घराचा विषय निघाला, की "बहिणींचा काय हक्क?" म्हणून हक्कसोडपत्र पुढे सरकवणारे भाऊ आपल्यात आहेत. त्यांना प्रामाणिक समजुतीचा आडोसा नाही. त्यांना ठाऊक असते.

राजांच्या पहिल्या पुस्तकातील नाबोथाची कथा आपण मिस्सेत ऐकतो. अहाब राजाला त्याचा द्राक्षमळा हवा होता. नाबोथाने वाडवडिलांची जमीन देण्यास नकार दिला. तेव्हा ईजबेलने दोन खोटे साक्षीदार उभे केले, देवनिंदेचा आरोप रचला, नाबोथाला दगडांनी मारवले आणि मग मळा घेतला. जमिनीचा तंटा फौजदारी आरोपाने मिटवण्याची रीत इतकी जुनी आहे.

परळच्या त्या चाळीत पुतण्याला पावत्या हाती धरून, भर दुपारी, कोणावर हात न उगारता दार उघडताना अनेकांनी पाहिले. त्यांच्यातील कित्येक दर रविवारी आमच्या मंदिरात येतात. त्याचा प्रामाणिकपणा सिद्ध व्हायचा तो त्यांच्याच शब्दांनी. पण "कोर्टाची भानगड नको" म्हणून सारे गप्प आहेत. नाबोथाला दगडांखाली घालायला खोटे बोलणारे दोघे पुरले. वाचकहो, खरे बोलणारे दोघे आम्हांला अजून मिळालेले नाहीत.