चिरेबंदी वाड्याचा जमाखर्च

शोकात्म नाटकातील प्रतीकांचा अर्थ लावणे हे केवळ वाङ्मयसमीक्षकांचे काम आहे, अशी एक समजूत रूढ आहे. परंतु रंगमंचावर ज्या वस्तू प्रतीके म्हणून उभ्या राहतात, त्या प्रत्यक्ष जीवनात कोणाच्या तरी मालकीच्या असतात. त्यांची किंमत कोणीतरी चुकती केलेली असते. हा व्यवहार दृष्टीआड केला की प्रतीकाचे निव्वळ अलंकरण होते. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’च्या बाबतीत असेच काहीसे घडले आहे.

नागपुरात इंग्रजीचे अध्यापन केलेल्या या नाटककाराची ही कृती १९८५ साली विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आली. विदर्भातील धरणगावच्या देशपांडे घराण्यातील तात्याजी निवर्तले आहेत, मुंबईचा सुधीर पत्नीसह आला आहे आणि तेराव्याच्या खर्चावरून घरात ताण आहे. या नाटकाची दोन वाचने नेहमी कानांवर येतात. पहिल्यानुसार ढासळता वाडा म्हणजे लोप पावणारी संस्कृती. तिच्यासाठी प्रेक्षकाने हळहळावे. दुसरे वाचन आपल्याच चळवळीतील काही मंडळींचे आहे. जमीनदाराचा वाडा पडला तर श्रमिकाने अश्रू का ढाळावेत, असा त्यांचा सवाल असतो. दोन्ही वाचने अपुरी आहेत; कारण दोहोंचे लक्ष भिंतींवरच खिळलेले आहे.

भिंतींवरून नजर काढून वाड्यापुढे गंजत पडलेल्या ट्रॅक्टरकडे पाहावे. तो आधुनिकतेच्या पराभवाचे प्रतीक मानला जातो. वस्तुतः येथे यंत्र हरलेले नाही. विदर्भासाठी १९५८ साली झालेल्या कूळकायद्याने व पुढे १९६१च्या कमाल जमीनधारणा कायद्याने जमीनमालकांसमोर एक स्पष्ट पर्याय ठेवला होता : स्वतः कसा, नाहीतर जमिनीवरचा हक्क सोडा. वाड्याने यंत्र आणले, परंतु श्रमाकडे पाहण्याची दृष्टी बदलली नाही. उत्पादनसंबंध जुनेच राहिले तर नवे भांडवल अंगणातच गंजते, हा त्या ट्रॅक्टरचा अर्थ होय.

दुसरे प्रतीक घराण्याच्या सोन्याचे. रात्रीच्या एकान्तात वहिनी ते दागिने अंगावर चढवतात, तो प्रवेश पाहणाऱ्याचे मन भारावते. अर्थशास्त्र मात्र या सोन्याला निरुत्पादक संचय म्हणते. शेवटी भास्करची मुलगी रंजू तेच सोने घेऊन शिकवणीच्या मास्तराबरोबर पळून जाते. ती परत येते, सोने येत नाही.

आता या दोन मृत संपत्तींशेजारी दोन जिवंत माणसे ठेवून पाहावी. प्रभाला बुद्धी असूनही पुढे शिकू दिले गेले नाही. चंदू घरातलाच मुलगा असून घरगड्यासारखा राबतो. ट्रॅक्टरसाठी पैसा निघाला, तेराव्यासाठीही काढावा लागतो. प्रभाच्या पुस्तकांसाठी मात्र तो कधीच निघाला नाही. वाड्याच्या प्रतिष्ठेचा खर्च या दोघांच्या आयुष्यांतून वळता झाला आहे. वाडा पडतो यापेक्षा, ज्यांना वाचवता आले असते त्यांना वाड्यासाठी खर्ची घातले गेले, ही खरी शोकांतिका आहे.

ज्याच्या घामावर हा वाडा पिढ्यान्‌पिढ्या उभा राहिला तो शेतमजूर या नाटकाच्या केंद्रस्थानी नाही, हा आक्षेप रास्त आहे व तो मान्य केला पाहिजे. तथापि शोषणाची रीत उंबरठ्यावर थांबत नाही, ती घरातल्या दुबळ्यांपर्यंत पोहोचते, हे या नाटकाइतके स्वच्छपणे मराठी रंगभूमीवर क्वचितच दाखविले गेले आहे.

हा प्रश्न वाड्यांबरोबर संपलेला नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्र सरकारला विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी खास मदतयोजना जाहीर करावी लागली. कर्जाचे ओझे आता वाड्यात नसून कोरडवाहू कापूस पिकविणाऱ्या लहान शेतकऱ्याच्या घरात आहे. त्या घरातही हात आखडता घेण्याची वेळ आली की मुलीचे शिक्षण आधी थांबते, आणि लग्नकार्याचा खर्च मात्र लोकलाजेस्तव कर्ज काढून होतो. म्हणजे वाड्याचा हिशेब झोपडीनेही स्वीकारला आहे. नागपूरच्या नाट्यगृहातून डोळे पुसत बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाने हा हिशेब एकदा स्वतःच्या घरातही तपासून पाहावा; आणि समाजवादी कार्यकर्त्याने कर्जमुक्तीची मागणी करताना तिच्या शेजारीच प्रभाच्या शिक्षणाची मागणी लिहावी.