मानसशास्त्रज्ञांची संघटना आणि पेंटॅगॉनची मर्जी

व्यावसायिकांची संघटना म्हणजे विद्वानांचे एक निरुपद्रवी मंडळ. तेथे वर्षातून एकदा अधिवेशन भरते, निबंध वाचले जातात, हारतुरे होतात आणि सभासद आपापल्या घरी जातात, असा समज कार्यकर्त्यांतही बराच रूढ आहे. कामगार संघटनेतील अंतर्गत लोकशाहीवर तासन् तास वाद घालणारी मंडळी डॉक्टर, वकील वा प्राध्यापक यांच्या संघटनांचा कारभार कसा चालतो याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. या उपेक्षेची किंमत कोणाला मोजावी लागते, हे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या इतिहासात स्वच्छ दिसते.

2004 साली अबू घ्रैब तुरुंगातील छायाचित्रे जगापुढे आली. कैद्यांच्या चौकशीत मानसशास्त्रज्ञांचा हात असल्याचे बोलले जाऊ लागले. तेव्हा संघटनेने 2005 मध्ये एक कार्यगट नेमला. मतदानाचा हक्क असलेल्या त्याच्या नऊ सभासदांपैकी सहा जण लष्कर वा गुप्तचर यंत्रणा यांच्याशी संबंधित होते. ज्यांच्या वर्तनाविषयी निवाडा करावयाचा, तेच न्यायासनावर! तीन दिवसांच्या बैठकीत अहवाल सिद्ध झाला, संचालक मंडळाने आणीबाणीचा अधिकार वापरून काही दिवसांतच त्याला मान्यता दिली आणि निर्वाचित प्रतिनिधी मंडळाला मतदानाची संधीच मिळाली नाही. अहवालाचा निष्कर्ष असा, की चौकशीच्या कामात मानसशास्त्रज्ञांनी सहभागी होणे नीतीला धरून आहे. अहवालावर कार्यगटातील सभासदांची नावेदेखील नव्हती. ती वर्षभराने वृत्तपत्रीय शोधातून सर्वत्र झाली.

या घाईमागचे इंगित नीतिशास्त्रात शोधून सापडणार नाही. पहिल्या महायुद्धात संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष रॉबर्ट यर्क्स यांनी सैनिकांच्या बुद्धिमापन चाचण्या हाती घेतल्या, तेव्हापासून अमेरिकन लष्कर हा या व्यवसायाचा मोठा यजमान राहिलेला आहे. नोकऱ्या त्याच्याकडे, संशोधनाचा पैसा त्याच्याकडे. मनोविकारतज्ज्ञांप्रमाणे आपल्यालाही औषधे लिहून देण्याचा हक्क असावा, ही मानसशास्त्रज्ञांची जुनी आकांक्षा. तिचा प्रयोगही 1990 च्या दशकात संरक्षण खात्यानेच करून दिला. 2006 मध्ये मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या सभासदांना अशा चौकशीत प्रत्यक्ष भाग घेण्यास मनाई केली. पेंटॅगॉनने लगेच जाहीर केले, की यापुढे या कामी मानसशास्त्रज्ञांना पसंती देण्यात येईल. एका व्यवसायाने नकार दिला आणि दुसऱ्याला बाजारपेठ मिळाली, इतका हा सरळ हिशेब आहे.

कार्यगटात असहमत माणसे नव्हती असे नव्हे. जीन मारिया अॅरिगो या त्यांपैकी एक. बैठकीत टिपणे घेऊ नयेत, अशी सूचना त्यांना करण्यात आली होती. त्यांनी 2007 च्या अधिवेशनात सारा प्रकार उघड केला, तेव्हा संघटनेच्या एका माजी अध्यक्षाने जाहीर पत्र लिहून त्यांच्या घरगुती आयुष्याचा दाखला दिला आणि त्यांची साक्ष मनाच्या दुखण्यात जमा करू पाहिली. मानसशास्त्राचा याहून हलका उपयोग क्वचितच झाला असेल. मायकेल वेसेल्स यांनी त्यापूर्वीच, 2006 च्या आरंभी, कार्यगटाचा राजीनामा दिला होता. कित्येक सभासदांनी वर्गणी थांबवली. मेरी पायफर यांनी संघटनेने दिलेले सन्मानपत्र परत केले.

वर्गणी थांबवणे हे निषेधाचे साधन आहे. पण वर्गणी थांबवणारा माणूस मतही गमावून बसतो, याचा विसर पडता कामा नये. 2008 साली सार्वमत झाले ते आत राहून सह्या गोळा करणाऱ्यांमुळे. आंतरराष्ट्रीय कायदा वा अमेरिकेची राज्यघटना धाब्यावर बसवून जेथे माणसे डांबली जातात, तेथे मानसशास्त्रज्ञाने कैद्यासाठी अथवा स्वतंत्र मानवी हक्क संस्थेसाठीच काम करावे, असा तो ठराव होता. 8,792 विरुद्ध 6,157 मतांनी तो संमत झाला. मग कार्यालयाने काय केले? ठराव आचारसंहितेचा भाग नाही, म्हणून तो मोडणाऱ्यावर कारवाई करता येणार नाही, असे सांगून मोकळे झाले. सभासदांचा कौल असा फायलीत गाडण्याची कला कोणत्याही खंडातील नोकरशाहीला शिकवावी लागत नाही.

आणि ती आचारसंहिता तरी कशी होती? कायदा वा अधिकृत आदेश आणि व्यवसायाची नीती यांत विरोध आला व तो मिटला नाही, तर आदेश पाळावा, अशी मुभा 2002 च्या दुरुस्तीने दिली होती. ही दुरुस्ती 11 सप्टेंबरच्या हल्ल्यापूर्वीच विचाराधीन होती, हे खरे. पण हल्ल्यानंतर ती कोणाच्या सोयीची ठरली हे कळावयास दिव्यदृष्टी लागत नव्हती. मानवी हक्कांचा भंग या कलमाच्या आधारे समर्थनीय ठरणार नाही, एवढे एक वाक्य त्यात घालावयास 2010 साल उजाडावे लागले.

जेम्स रायझेन यांच्या 2014 मधील पुस्तकाने पत्रव्यवहार बाहेर काढल्यावर संघटनेला डेव्हिड हॉफमन या वकिलामार्फत चौकशी करवावी लागली. 2015 च्या जुलैमधील त्यांच्या अहवालाने निष्कर्ष काढला, की संघटनेच्या अधिकाऱ्यांनी संरक्षण खात्याशी संगनमत करून नियम सैल ठेवले. आरोप झालेल्यांनी तो फेटाळला आणि 2017 मध्ये बदनामीचे दावे दाखल केले. अहवालाच्या तपशिलावर न्यायालयात वाद घालण्याचा त्यांना हक्क आहे. मात्र कार्यगटाची रचना आणि सार्वमताची वासलात हॉफमन यांनी शोधून काढलेली नव्हती. या गोष्टी असंतुष्ट सभासद अनेक वर्षे ओरडून सांगत होते.

ऑगस्ट 2015 मध्ये टोरंटोच्या अधिवेशनात प्रतिनिधी मंडळाने बंदीचा ठराव 157 विरुद्ध 1 मताने संमत केला. दहा वर्षांपूर्वी ज्यांना वेडे ठरवले, त्यांचेच म्हणणे जवळजवळ एकमुखाने! हे शहाणपण वृत्तपत्रांतील मथळ्यांनंतर सुचले, एवढेच. तीन वर्षांनी, 2018 मध्ये, कैद्यांवरील उपचारांचे कारण पुढे करून लष्करी मानसशास्त्रज्ञांना ग्वांटानामोत परत येऊ द्यावे, असा प्रस्ताव त्याच मंडळापुढे आला. तो फेटाळला गेला. पण त्या वेळी विरोधात हात वर करण्यास एकापेक्षा कितीतरी अधिक माणसे लागली.