साहेब वाट पाहात आहेत

अमेरिकेत नोकरीस असलेला एखादा अभियंता कंपनीच्या कामासाठी परगावी निघतो आणि विमान स्वतःच चालवीत जातो, याचे आपल्याकडे नवल वाटेल. तेथे वाटत नाही. त्या देशात सार्वजनिक वापराचे सुमारे ५,००० विमानतळ असून प्रवासी कंपन्यांची नियमित विमाने त्यांपैकी जेमतेम दहाव्या हिश्शास पोचतात. उरलेल्या गावी ज्याचे काम असेल, त्याचे छोटे विमान ही केवळ हौस म्हणता येणार नाही.

कायद्याचीही आडकाठी नाही. उड्डाण हे कामास आनुषंगिक असावे आणि भाडे घेऊन माणसे वा माल नेऊ नये, एवढ्या अटीवर खाजगी परवानाधारकास नोकरीच्या कामासाठी विमान नेता येते. तेथील केंद्र सरकार तर आपल्या नोकरांस त्याचा प्रवासभत्ता देते: २०२५ साली मोटारीस मैलामागे ७० सेंट, विमानास १ डॉलर ७५ सेंट. असे असूनही अनेक खाजगी कंपन्यांनी याची साफ मनाई केली आहे. कामावरील नोकराच्या हातून अपघात घडला, तर भरपाईचा दावा मालकाच्या दारी येतो, हे त्याचे कारण.

ही भीती अवाजवी नव्हे. काही कंपन्या अनुभवाचे तास, ढगांतून उपकरणांच्या आधारे उडण्याची पात्रता, विम्यात कंपनीचे नाव, सहकाऱ्यास सोबत न नेणे, अशा अटींवर परवानगी देतात. त्या योग्यच आहेत. परंतु खऱ्या धोक्यास त्या स्पर्श करीत नाहीत. तो धोका म्हणजे सकाळी दहाची बैठक. ढग खाली उतरले, आता मागे फिरावे, असे वैमानिक म्हणतो. साहेब वाट पाहात आहेत, असे त्याच्यातलाच नोकर म्हणतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूस उतरले, तेव्हा विमान हाकणारा आणि धंद्याचा धनी एकच होता. पगारदाराची गोष्ट निराळी.

म्हणून नियमात प्रथम हे असावे, असे आमचे मत आहे: हवामानामुळे बैठक चुकल्यास ठपका नाही; अडकलेल्या गावी मुक्कामाचा व परतीच्या तिकिटाचा खर्च कंपनीचा; आणि कोणाही वरिष्ठाने 'विमान घेऊन ये' असे सुचवूही नये. एवढे लिहून देण्याची ज्या कंपनीची तयारी नसेल, तिने खुशाल मनाई करावी. आम्ही तिला दोष देणार नाही.