थबकलेल्या पावलांना टाळाची साथ

गेल्या पावसाळ्यात इंदापूर तालुक्यातील एक सत्तरीचे गृहस्थ माझ्या बारामतीच्या दवाखान्यात आले. सोबतच्या मुलाची तक्रार अशी, "डॉक्टर, अण्णा मुद्दाम करत्यात बघा. माडीचा जिना चढत्यात, आन् उंबऱ्यापाशी आले की पाय चिकटल्यागत उभं राहत्यात. हात धरून ओढलं तर पडत्यात." अण्णा मान खाली घालून ऐकत होते.

अण्णांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्सचा आजार आहे. लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली त्याचे वर्णन केले. मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी यात झिजत जातात. चालण्यासारख्या सवयीच्या हालचालींची सुरुवात व लय मेंदूच्या खोल भागातून सांभाळली जाते. तो भाग मंदावला की पायांत शक्ती असूनही पाऊल वेळेवर उचलत नाही. मात्र डोळ्यांना पायरी दिसली किंवा कानावर ठेका पडला, की मेंदू दुसऱ्या वाटेने काम करून घेतो. म्हणून जिना जमतो आणि सपाट जमीन अडवते. यात नाटक नाही, आळसही नाही.

पुण्याच्या मिलेहा सोनेजी या डिझायनर तरुणीला आपल्या काकांच्या बाबतीत हेच दिसले. तिने जमिनीवर पायऱ्यांचा भास होईल असे चित्र अंथरले आणि काका त्यावरून चालू लागले. २०१५ साली नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे एका व्याख्यानात तिने हा अनुभव सांगितला. त्याआधी १९९६ साली अमेरिकेत मायकेल थाउट व सहकाऱ्यांनी रुग्णांकडून तीन आठवडे ठेक्यावर चालण्याचा सराव करून घेतला, तेव्हा त्यांचा वेग वाढला आणि पावले लांब पडू लागली.

आपल्याला हे नवे वाटू नये. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते, तेव्हा टाळ-मृदंगावर हजारो पावले एका लयीत पडतात. अण्णा जुने वारकरी. मुलाला म्हटले, "ओढू नका, टाळ्यांचा ठेका धरा." दोन-चार टाळ्यांनंतर अण्णांचे पाऊल उचलले. मुलाचे डोळे भरून आले.

घरी एवढे करा. उंबऱ्यापाशी व अरुंद बोळात जमिनीवर दीड-दीड फुटावर ठळक रंगाच्या आडव्या पट्ट्या चिकटवा आणि त्या ओलांडायला सांगा. 'एक-दोन' मोजा, टाळी वाजवा किंवा मोबाइलवर ठेका लावा. तो त्यांच्या चालीला झेपेल असा असावा. पाय अडकला तर थांबू द्या, वजन एका पायावर घेऊ द्या, मग पाऊल टाकू द्या. जागच्या जागी गिरकी नको, मोठा वळसा घ्यावा. चालताना प्रश्न विचारू नका. सुरुवातीला कोणीतरी शेजारी असावेच.

याने आजार बरा होत नाही, सर्वांना सारखा गुण येतो असेही नाही. गोळ्या ठरल्या वेळेलाच घ्याव्यात, मेंदूविकारतज्ज्ञांना व फिजिओथेरपिस्टला दाखवावे.

माझे स्पष्ट मत आहे, की आम्ही डॉक्टर चिठ्ठीवर गोळी लिहितो, पण चालायचे कसे हे घरच्यांना सांगत नाही. ते सांगायला दोन मिनिटे लागतात. ती न दिल्याने एखादा म्हातारा माणूस स्वतःच्या घरात अपराधी ठरतो, ओढाताणीत पडून खुब्याचे हाड मोडून घेतो. वाचकहो, तुमच्या घरी असे कोणी असेल तर आज त्यांच्यावर ओरडू नका. शेजारी उभे राहा आणि ठेका धरा.