‘फुले’, ‘धडक 2’, ‘होमबाउंड’ : जातीचे नाव कुणाला खुपते?

2025 मध्ये जातीवर थेट बोलणारे तीन हिंदी चित्रपट थिएटरमध्ये लागले. एप्रिलमध्ये ‘फुले’, ऑगस्टमध्ये ‘धडक 2’ आणि सप्टेंबरमध्ये ‘होमबाउंड’. आपल्या वस्त्यांत, वसतिगृहांत, व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांची भरपूर चर्चा झाली. अभिनय कसा होता, शेवट पटला का, कुठे रडू आले. पण हे चित्रपट आपल्यापर्यंत पोहोचण्याआधी त्यांतून काय काढले गेले, यावर फार कमी बोलले गेले. आंबेडकरी तरुणांनी खरे तर तिथूनच सुरुवात करायला हवी.

‘फुले’चे उदाहरण घ्या. अनंत महादेवन यांचा हा चित्रपट 11 एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला येणार होता. ट्रेलर पाहून काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतला, प्रदर्शन पुढे ढकलले गेले आणि चित्रपट 25 एप्रिलला लागला. सेन्सॉर बोर्डाने त्याला ‘यू’ प्रमाणपत्र दिले होते, म्हणजे लहान मुलांनीही पाहावा असा. तरीही ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ हे शब्द काढायला सांगितले. तीन हजार वर्षांच्या गुलामीचा उल्लेख बदलून ‘कित्येक वर्षे’ असा करायला लावला.

‘धडक 2’च्या बाबतीतही तेच झाले. शाझिया इक्बाल यांचा हा चित्रपट मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाळ’ (2018) या तमिळ चित्रपटावर बेतलेला आहे. ‘सैराट’वरून काढलेल्या पहिल्या ‘धडक’ने जातीचा प्रश्न जवळजवळ गाळूनच टाकला होता. या वेळी नायक नीलेश अहिरवार लॉ कॉलेजात उघडपणे आपल्या जातीचे चटके सांगतो. मात्र बोर्डाने 16 बदल सुचवले, आणि इथेही तीन हजार वर्षांचा आकडा जाऊन ‘सदियों’ आले. दोन वेगळे चित्रपट, दोन वेगळे दिग्दर्शक, आणि खटकला तो एकच आकडा.

आता प्रश्न असा, की ‘महार’, ‘मांग’ या शिव्या आहेत का? अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात, महाराष्ट्राच्या यादीत, ही नावे आहेत. सरकार स्वतः जातीच्या दाखल्यावर ती छापते. 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये आपल्या समाजाच्या दुःखावर निबंध लिहिणारी मुक्ता साळवे फुल्यांच्याच शाळेत शिकत होती. तिच्या निबंधाच्या शीर्षकातच ‘मांग’ आणि ‘महार’ हे दोन्ही शब्द आहेत. बोर्डाचा नियम लावला, तर फुल्यांवरच्या चित्रपटात त्यांच्या विद्यार्थिनीच्या निबंधाचे नावही घेता येणार नाही.

आपल्यातही एक मत आहे. 1956 ला आपण धम्म स्वीकारला, जुनी ओळख मागे टाकली, मग पडद्यावर ते शब्द पुन्हा कशाला? ही भावना खरी आहे, तिची टिंगल करू नये. पण आपण स्वतः एखादे नाव सोडणे आणि दुसऱ्याने ते इतिहासातून खोडणे यात मोठा फरक आहे. नाव सोडण्याचा निर्णय आपला होता, त्यात आपली मुक्ती होती. ते पडद्यावरून खोडले की अन्याय कुणावर झाला आणि कुणी केला, दोन्ही गोष्टी धूसर होतात. उरते ती फक्त ‘बिचाऱ्या गरिबांची’ गोष्ट.

नीरज घायवान यांच्या ‘होमबाउंड’मध्येही सुमारे 77 सेकंदांची कापाकापी झाली. तरी तीन चित्रपटांत मला तो सर्वांत उजवा वाटतो. ‘फुले’चा हेतू चांगला आहे, पण तो काही ठिकाणी पाठ्यपुस्तकासारखा होतो. ‘होमबाउंड’मधला चंदन आपले पूर्ण नाव सांगताना अडखळतो, त्याच्या आईच्या हातचे शाळेतले जेवण पालकांना चालत नाही. भाषण न देता जात दिसते. आडनाव लपवून नोकरी शोधणाऱ्या आपल्या कितीतरी मुलांना तो चंदन ओळखीचा वाटेल.

संध्या सुरी यांच्या ‘संतोष’ला तर एवढेही नशीब लाभले नाही. दलित मुलीच्या खुनाचा तपास आणि पोलिसांतील जातीयता दाखवणारा हा चित्रपट ब्रिटनने ऑस्करला पाठवला, पण 2025 मध्ये भारतात त्याच्या प्रदर्शनाला बोर्डाने मंजुरी दिली नाही.

भावना दुखावतात म्हणून चित्रपट अडवता येतो का, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच दिले आहे. ‘ओरे ओरु ग्रामत्तिले’ हा तमिळ चित्रपट जातीआधारित आरक्षणावर टीका करणारा होता. निदर्शनांच्या धमकीमुळे अभिव्यक्ती दाबता येणार नाही, असे सांगून न्यायालयाने त्याचे प्रमाणपत्र कायम ठेवले. आरक्षणविरोधी चित्रपटाला मिळालेले हे संरक्षण जोतीरावांवरच्या चित्रपटाला का नको? अडचण अशी, की बोर्डाच्या निर्णयावर दाद मागण्याचे अपील न्यायाधिकरण 2021 मध्ये रद्द झाले. आता निर्मात्याला थेट उच्च न्यायालयात जावे लागते. वेळ आणि पैसा नसलेला निर्माता मुकाट्याने कात्री स्वीकारतो.

आचार्य अत्रे यांच्या ‘महात्मा फुले’ला 1954 च्या राष्ट्रीय पुरस्कारांत रौप्यपदक मिळाले होते. सत्तर वर्षांनंतर त्याच महात्म्याच्या चित्रपटातले शब्द मोजले जात आहेत.

मग आपण काय करायचे? असे चित्रपट पहिल्या शनिवार-रविवारीच तिकीट काढून पाहा, कारण शो टिकतात ते गर्दीवर. जयंतीच्या कार्यक्रमात डीजेच्या खर्चातून थोडे पैसे वाचवून विहारात रीतसर परवानगीने चित्रपट दाखवा आणि नंतर तासभर चर्चा ठेवा. त्या चर्चेत गाळलेले शब्द मुलांना मोठ्याने सांगा. मुक्ता साळवेचा निबंध वाचून दाखवा. बोर्डाची कात्री पडद्यापुरती चालते, विहारातल्या चर्चेवर ती चालत नाही.

जय भीम!