तयार कपडे आणि शिंपी

"तयार थीम घ्यायची, रंग बदलायचे, वर गिऱ्हाइकाचे नाव टाकायचे आणि पैसे मोजून घ्यायचे! यात तू काय केलेस?" असा प्रश्न एका मित्राने मला परवा कॅन्टीनमध्ये केला. फावल्या वेळात संकेतस्थळे करून देऊन मी फीचा काही भाग भागवतो. त्यामुळे प्रश्न झोंबला, हे कबूल करतो.

वस्तुतः ज्या वर्डप्रेसवर मी काम करतो ते स्वतःच दुसऱ्याच्या कामातून निघाले आहे. मॅट मुलेनवेग आणि माइक लिट्ल यांनी २००३ साली 'बी-टू' नावाची जुनी प्रणाली घेऊन त्यातून ते उभे केले. त्याचा परवानाच म्हणतो की घ्या, बदला, वाटा; मात्र वाटताना हीच मुभा पुढच्यालाही द्या. तेव्हा उसनेपणाची लाज कशाला?

शिवाय तयार थीम आपल्या अंगाला बसते कुठे? बहुतेक थीमा रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या. मथळा भारदस्त दिसावा म्हणून त्यांत अक्षरांमधले अंतर वाढवलेले असते. इंग्रजीत ते शोभते. मराठी मथळा टाकला की शिरोरेषेचे तुकडे पडतात! दोन ओळी इतक्या जवळ की वरचे उकार खालच्या वेलांट्यांना टेकतात. हा दोष आधी दिसावा लागतो, आणि तो दिसायला गणितापेक्षा लिपीवरचे प्रेम अधिक उपयोगी पडते. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने या कामाला बिचकू नये, असे मला वाटते ते यामुळेच.

मित्राने खरे तर दुसरेच विचारायला हवे होते. आमच्या गावातल्या एका दुकानदाराचे संकेतस्थळ करताना मी घाईने थीमच्या मूळ फायलींतच फेरफार केले. काही महिन्यांनी थीमची नवी आवृत्ती आली, त्याने बटण दाबले आणि माझे सारे काम पुसले गेले. नवी आवृत्ती जुन्या फायलींच्या जागी बसते, हे मला ठाऊक होते. फेरफार वेगळ्या 'चाइल्ड थीम'मध्ये ठेवले असते तर ते टिकले असते. प्लगिनचेही तसेच, त्यांत आपला कोड जोडण्यासाठी बहुधा 'हुक' ठेवलेले असतात, मूळ फाईल उसवावी लागत नाही. पण यात वेळ जातो, आणि गिऱ्हाइकाला पडद्यावर काहीच फरक दिसत नाही. कित्येकजण मग नव्या आवृत्त्याच बंद करून ठेवतात. सुरक्षेची भोके त्याच आवृत्त्यांनी बुजतात, हे त्या बिचाऱ्या गिऱ्हाइकाला कोण सांगणार? माझ्या मते ही सरळ फसवणूक आहे.

दुकानदाराचे काम मी चाइल्ड थीममध्ये पुन्हा करून दिले. दोन रात्री गेल्या. पैसे मागितले नाहीत. मागायला तोंडच नव्हते.