ग्रंथजतनाची भिस्त आता १९५४ च्या कायद्यावर

नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आणि १८६७ चा वसाहतकालीन कायदा इतिहासजमा झाला. मात्र नव्या कायद्याच्या कक्षेतून पुस्तके वगळण्यात आली. जुन्या कायद्यानुसार मुद्रकाला पुस्तकाच्या प्रती राज्य सरकारकडे सादर कराव्या लागत. ती तरतूद संपल्याने ग्रंथजतनाची भिस्त प्रामुख्याने १९५४ च्या केंद्रीय कायद्यावर उरली आहे.

या कायद्यान्वये प्रकाशकाने प्रकाशनानंतर ३० दिवसांत स्वखर्चाने कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, तसेच चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील प्रत्येकी एका ग्रंथालयास प्रत पाठवणे बंधनकारक आहे. तथापि, मूळ कायद्यातील दंड कमाल ५० रुपये आणि पुस्तकाच्या किमतीइतकी रक्कम एवढाच होता. शिवाय ‘पुस्तक’ या संज्ञेची व्याख्या छापील साहित्य समोर ठेवूनच केलेली आहे. केवळ ई-स्वरूपात निघणारे ग्रंथ तिच्यात बसत नाहीत.

राष्ट्रीय ग्रंथसूची राष्ट्रीय ग्रंथालयात दाखल झालेल्या पुस्तकांवरून तयार होते. जे पुस्तक पोहोचत नाही, त्याची नोंदही होत नाही. मोठ्या प्रकाशकांची पुस्तके अन्यत्र सापडू शकतात; जिल्ह्याच्या गावी अल्प प्रतींत छापलेले स्थानिक इतिहास, बोलींचे कोश मात्र कायमचे हरपण्याचा धोका आहे. केवळ दंड वाढवल्याने हे टळणार नाही, कारण छोट्या प्रकाशकाला चार प्रती आणि टपालखर्च हाच मोठा भार असतो. टपालात सवलत आणि ई-प्रतीस कायदेशीर मान्यता, या दोन सुधारणा अधिक उपयुक्त ठरतील.